सभेतली टिटवी

"हाण त्या पाणघोड्याला! खुर्ची सोडू नकोस!" टिकली ओरडली.

"हाणतोय ना! पण तुझा मोर मधेमधे नाचतोय त्याचं काय?" वकील बटणं बडवत म्हणाला.

टिकलीच्या मामाच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात सुट्टी अशी चालली होती. मामा व्हिडिओ गेम बनवायचा. त्याचा नवा गेम होता 'प्राण्यांची सभा'. चौघांनी एकाच पडद्यासमोर बसायचं, एकेक प्राणी घ्यायचा आणि भर सभेत अध्यक्षाची खुर्ची पटकवायची. मोर भाषण ठोकायचा, कोल्हा समित्या नेमायचा, पाणघोडा घोरत घोरतच हात वर करायचा. मोठ्या माणसांच्या सभा अगदी हुबेहूब! गेम बाजारात येण्याआधी तो खेळून चुका शोधायचं काम टिकली, तिचा धाकटा भाऊ गुंडू आणि शेजारचा वकील यांच्याकडे होतं. वकील त्यांच्याच शाळेतला. उठता बसता वाद घालायचा म्हणून हे नाव!

सगळ्यांची लाडकी मात्र टिटवी. "एक, दोन, तीन... हलू नका रे, पुन्हा मोजते!" असं किंचाळत ती प्राणी मोजत धावायची, दरवेळी चुकायची आणि शेवटी पाणघोडा तिच्यावर बसायचा. टिटवीचा हा आवाज वकिलाचा होता. त्याने तो उचलला होता तलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाईंकडून. बाई मुलांना पाण्यात सोडताना तीनदा मोजायच्या, बाहेर काढल्यावर पुन्हा तीनदा. वकिलाची नक्कल ऐकून मामाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. दोन दिवसांत टिटवीच्या डोक्यावर बाईंची पिवळी टोपीसुद्धा आली!

"बाईंना कळलं तर?" गुंडूने विचारलं होतं.

"बाई कशाला गेम खेळतायत!" वकिलाने निकाल दिला होता.

सोमवारी तिघं तलावावर गेली, तर बाईंच्या खुर्चीत एक नवे सर! डोळे मोबाइलमध्ये.

"बाई कुठायत?"

"रजेवर," सर मान वर न करताच म्हणाले.

"दहा वर्षांत बाईंनी तापातसुद्धा रजा घेतली नाही," टिकली कुजबुजली. "नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय!"

मॅनेजरसाहेबांनी 'घरगुती कारण' सांगून त्यांना वाटेला लावलं. मग तिघांनी गाठलं कपडे बदलायच्या खोलीतल्या मावशींना. मावशींनी आधी दाराकडे पाहिलं.

"घरगुती कसलं? ते बघा."

पालकांच्या खोलीत मोठ्या पडद्यावर मामाचाच गेम चालू होता! मामा मॅनेजरचा मित्र. पालकांना कंटाळा येऊ नये म्हणून त्याने तो इथे लावून दिला होता.

"शनिवारी टिटवी आली की सगळे पोट धरून हसत होते," मावशी म्हणाल्या. "बाई मागेच उभ्या होत्या. एक गृहस्थ वळून म्हणाले, 'अहो, या तर तुम्हीच!' मग तर हशाच पिकला. बाईही हसल्या. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या."

मावशींनी एक टॉवेल घडी घालायला घेतला.

"त्या का मोजतात, ठाऊक आहे? नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईत एकदाच मोजलं. एक मुलगा पाण्यातच राहिला होता."

"मग?" गुंडूने विचारलं.

"मग काय, बाळा. सापडला तेव्हा उशीर झाला होता."

वकिलाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने वाद घातला नाही.

मामाला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, गंमत आहे ती! कोण मनावर घेतं?" मॅनेजर म्हणाले, "नवे सर आहेत की! आणि इतकं मोजायला मुलं काय मेंढरं आहेत?"

"आता यांना दाखवायलाच हवं," टिकली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुंडू सगळ्यांबरोबर आत गेला, पण पाण्यात उतरलाच नाही. मावशींच्या खोलीत टॉवेलांच्या ढिगामागे बसला. तास संपला. 'गेमसाठी फोटो काढायचेत' असं सांगून टिकलीने मामाला आणि मॅनेजरना तलावापाशी आणलं होतं.

"सर, सगळे बाहेर आले?" टिकलीने विचारलं.

"आले, आले."

"झालं समाधान?" मॅनेजर हसले.

"मग माझा गुंडू कुठाय?"

सरांच्या हातून मोबाइल निसटला. मॅनेजर "अरे, बघा! बघा!" करत काठाने धावत सुटले. आणि मामाने बुटांसकट पाण्यात उडी घेतली!

"मामा! मी इथे आहे!" गुंडू दारातून ओरडला.

मामा निथळत वर आला आणि त्याने गुंडूला घट्ट कवटाळलं. किती तरी वेळ सोडलंच नाही. हसलं कुणीच नाही.

"टिटवी आजच काढतो," तो शेवटी म्हणाला.

संध्याकाळी मॅनेजरांनी सगळ्या पालकांसमोर चूक कबूल केली. "या मुलांनी आमचे डोळे उघडले! शाब्बास!" टाळ्या पडल्या. वकील मात्र जमिनीकडे बघत पुटपुटला, "आवाज मी काढला होता."

तिथूनच मामा तिघांना घेऊन बाईंच्या घरी गेला. बाईंनी दार उघडलं.

"बाई, तो आवाज माझा होता," वकील एका दमात म्हणाला. "चुकलो मी."

"ओळखला होता रे. पाच वर्षं माझ्यासमोर पोहतोयस."

"चूक माझी आहे," मामा म्हणाला. "आज गुंडू लपून बसला, तेव्हा कळलं मला. ती टिटवी काढून टाकलीय. मॅनेजरही तुम्हाला बोलावतायत."

"परत या ना, बाई!" टिकलीने हात धरला.

बाईंनी हळूच हात सोडवून घेतला.

"दोनदा निघाले होते गं. कोपऱ्यापर्यंत जाते. मग वाटतं, मी मोजायला लागले आणि कुणी हसलं, तर माझं लक्ष तिकडे जाईल. नेमकं तेव्हाच कुणी बुडालं तर? नाही. आता माझ्याच्याने नाही व्हायचं."

मामाने मान खाली घातली. बाईंनी गुंडूकडे पाहिलं.

"लपलास तेव्हा पाण्याजवळ नव्हतास ना?"

"नाही बाई. मावशींच्या खोलीत होतो."

"शहाणी मुलं आहात. धीटही आहात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

"ताई, बाई आपल्याला शहाणी म्हणाल्या!" जिना उतरताना गुंडू म्हणाला.

टिकलीने नुसता त्याचा हात घट्ट धरला.