इंजिनावरची चिंधी

बाबांचा नवा चष्मा आणायला आम्ही निघालो होतो, बाकी काही नाही. दुपारची वेळ, लख्ख ऊन. बाबा माझ्या शेजारी, मागे माझी लेक चिमणी, बाहुलीचे केस विंचरत बसलेली. असल्या गोष्टी अंधारातच घडतात असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

बाबा गाड्यांचे मिस्त्री. नुसत्या वासावरून बिघाड ओळखायचे, म्हणून गॅरेजात त्यांना 'नाकवाले' म्हणत. मी शाळेत असताना एक दिवस त्यांचं नाक गेलं. सर्दी नाही, पडसं नाही, वासच येईना. आईच्या हातून भाजी करपली तरी हे मिटक्या मारत खायचे, आणि आम्ही पोट धरून हसायचो.

वस्ती मागे पडली, रस्ता रिकामा झाला आणि मला जळका वास आला.

"बाबा, काहीतरी जळतंय."

"घाबरू नकोस, वेग कमी कर. कसला वास? रबराचा?"

"नाही."

"गोडसर? म्हणजे कूलंट गळतंय."

"नाही हो."

"मग क्लच. त्यावर पाय ठेवून बसायची तुझी खोड जायची नाही."

पाय उचलला. हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना, ते पाहिलं. एसी बंद केला, काचा उघडल्या. तापमानाचा काटा जागच्या जागी होता. वास मात्र वाढतच गेला, आणि मला तो ओळखू आला.

"कापड जळतंय, बाबा. तेलकट कापड."

बाबांनी पुढच्या काचेतून बॉनेटकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बाजूला घे. इंजिन बंद कर."

पत्र्याला उलटा हात लावून ताप पाहत त्यांनी बॉनेट उघडलं. एक्झॉस्टच्या पाइपवर एक चिंधी धुमसत होती. पांढरी, निळ्या पट्ट्यांची. आमच्या घरच्या जुन्या चादरीची. आई त्या चादरी फाडून बाबांना तेल पुसायला चिंध्या करून द्यायची. आई जाऊन किती वर्षं झाली, आणि ही गाडी तर मी परवा-परवा घेतलेली.

बाबांनी काटकीने चिंधी खाली पाडली, मी पाणी ओतलं. आम्ही पुढे निघालो. पहिलं वळणही आलं नसेल, तोच पुन्हा वास. पुन्हा बॉनेट उघडलं. तीच चिंधी, त्याच जागी, कोरडी. या खेपेला वासात आणखी काहीतरी होतं.

"बाबा... केस जळल्यासारखं येतंय."

ते रस्त्याच्या कडेला बसले.

"एकदा चिंधी आत विसरलो गं... तसंच बॉनेट लावलं. गाडी रस्त्यात पेटली. नवरा-बायको बाहेर पडली. पोरगी मागे होती... दाराला चाइल्ड लॉक. आतून उघडलंच नाही, बाहेरून आगीने जवळ जाऊ दिलं नाही."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"वायरिंग जळालं म्हणालो. सगळ्यांना पटलं... त्या दिवसापासून नाक गेलं."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. कारण तेवढ्यात चिमणी मागून ओरडली, "आई, गरम होतंय!"

मी धावत जाऊन मागचं दार ओढलं. उघडेना. दुसऱ्या बाजूचंही नाही. पुढून आत वाकून तिचा पट्टा सोडवायला गेले, तर बक्कलाचा हाताला चटका बसला. तिच्या मांडीवरच्या बाहुलीचे केस आखडून काळे पडत होते.

"ही म्हणते, आजोबा मागे बसले की मला सोडेल," चिमणी रडत म्हणाली.

तिच्या शेजारी कुणीच नव्हतं.

"बाबा, मागे बसा."

"अगं, पण मागे ते लॉक..."

"ठाऊक आहे. बसा."

लहानपणी मी त्यांच्याकडे पाहायचे, तसे ते माझ्याकडे पाहत राहिले. मग उठले. त्यांनी हात लावताच दार अलगद उघडलं. बक्कलही सुटलं. मी चिमणीला ओढून बाहेर घेतलं, बाबा आत बसले, आणि दार मी लावलं. ते आपोआप लागलं नाही, मी लावलं.

चिमणीला पुढे घेऊन मी गाडी काढली. वास पार गेला होता. बाबा अंग चोरून एका कडेला बसले होते, शेजारी कुणाला जागा करून दिल्यासारखे. वाटेत एकदा म्हणाले, "पोरी... काच तरी उघड." मी रेडिओ लावला.

दुकानापाशी दार उघडलं, तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. फक्त नखं तुटलेली, आणि दाराचं आतलं हँडल उखडून लोंबत होतं. चष्मा तयार होता. तोही घेतला.

मला पश्चात्ताप नाही. आई आहे मी. वास गेला, पोर वाचली, म्हणून गाडीही विकली नाही. चिमणीला रोज त्याच गाडीतून शाळेत सोडते.

आज सकाळी दूध करपून पातेलं काळं झालं. मी शेजारीच उभी होते, मला काही कळलंच नाही. चिमणी नाक दाबून हसली.

"आई, तुला वास नाही आला? आपल्या गाडीत येतो तसलाच आहे."

"गाडीत?" माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. "गाडीत कधी येतो?"

"रोजच येतो की. आधी एकीचा यायचा, आता दोघांचा येतो."