मागच्या दाराचा कॅमेरा

हे मी आजवर दोघांनाच सांगितलंय. एकाने ऐकून विषय बदलला. दुसरा परत आमच्याकडे आला नाही. तुम्हाला खोटं वाटलं तरी माझी हरकत नाही. मला स्वतःला ते खोटं ठरवता आलं असतं, तर मी लिहायला बसलेच नसते.

दिवस चार सप्टेंबरचा, मंगळवार. वेळ दुपारी चारच्या पुढची. जागा कॉर्बिन रिज, उत्तर कॅलिफोर्नियातलं डोंगरमाथ्यावरचं आमचं गाव.

पण आधी मागचं थोडं सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वीच्या वणव्यात अर्धं गाव जळालं. आमचं घरही गेलं. घरात माझ्या सासूबाई एकट्या होत्या. वर्ना त्यांचं नाव, वय एकोणऐंशी. मी बहिणीकडे परगावी गेले होते. माझा नवरा गॅरेट खाली शहरात, ट्रकचे टायर बदलायच्या वर्कशॉपमध्ये कामावर होता. दुपारी चारच्या सुमाराला त्याने तिथून आईला फोन केला.

"मागच्या दारात थांब, आई. हलू नकोस. मी आलोच."

तो पोचला नाही. पोलिसांनी रस्ता बंद केला होता. सासूबाई त्या दारातच गेल्या.

शेजारच्याने निघताना सासूबाईंसाठी गाडी थांबवली होती, हे आम्हाला नंतर कळलं. त्या बसल्याच नाहीत. म्हणाल्या, गॅरेट येतोय, त्याने इथेच थांबायला सांगितलंय.

हे ऐकल्यापासून गॅरेट धड झोपला नाही.

त्याच जागेवर आम्ही नवं घर बांधलं. थोडं पुढे सरकवून. नव्या घराला मागे दारच नाही, फक्त भिंत. जुन्या मागच्या दाराच्या तीन सिमेंटच्या पायऱ्या मात्र वणव्यातूनही वाचल्या होत्या. बिल्डर त्या फोडणार होता. गॅरेटने फोडू दिल्या नाहीत.

रंगाचं काम संपलं तेव्हा कॅमेरेवाला आला. एलाडिओ. आजूबाजूला रिकामे प्लॉट, तांब्याच्या तारा चोरीला जायच्या, म्हणून कॅमेरे हवेच होते. त्याने ओट्यावर खोकी मांडली. बॅटरीचे, वायरचे, अंधारातही रंग दिसणारे. तीन पुरे होतील म्हणाला. एक पुढच्या दारावर, एक गाडीच्या बाजूला, एक गेटकडे.

गॅरेट सगळं ऐकत उभा होता. त्याने एकच प्रश्न विचारला.

"आवाज कोणत्यातून येतो?"

एलाडिओने वायरचा एक उचलून दाखवला. यातून ऐकूही येतं, फोनवरून बोलताही येतं.

"तो मागच्या भिंतीवर लावा. पायऱ्यांकडे तोंड करून."

"मागे तर काहीच नाहीये, साहेब."

"लावा तुम्ही."

प्रत्येक कॅमेऱ्याला फोनमध्ये नाव द्यायचं होतं. गॅरेटने चौथ्याला स्वतः नाव दिलं. मागचं दार.

मी वाचलं, आणि ते तसंच राहू दिलं. माझं तिथेच चुकलं.

दोन आठवडे शांत गेले.

मग एका दुपारी, चार वाजून दहा मिनिटांनी, आमच्या दोघांचे फोन एकदम वाजले.

मागचं दार... माणूस दिसला.

मी उघडून पाहिलं. अकरा सेकंदांचं चित्रण. तीन पायऱ्या. वाळलेलं गवत.

कुणीच नाही.

मी आवाज वाढवला. वारा. मग एक करकर... गंजलेल्या स्प्रिंगची. जाळीचं दार हळूहळू उघडताना होते तशी.

दार बंद झाल्याचा आवाज आलाच नाही.

आमच्या नव्या घराला जाळीचं दार नाही. जुन्याला होतं, मागच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एलाडिओ आला. कोळी असेल, सरडा असेल, म्हणाला. काच पुसली, कोन बदलला, मग कॅमेराच बदलला. तरीही चारच्या सुमाराला फोन वाजायचाच. शेवटी त्याने दुसऱ्या जातीचा आणून लावला. तो फक्त अंगाची ऊब पकडतो म्हणे. समोर ऊब नसेल तर गप्प बसतो.

तो गप्प बसला नाही.

एलाडिओने आपल्या फोनवर ते चित्रण दोनदा पाहिलं. कानाला लावून ऐकलं. सामान गोळा केलं आणि निघाला. गाडीत बसताना मला एवढंच म्हणाला, "बाई, हा काढून टाका. मला नका बोलावू, तुम्हीच काढा."

पण गॅरेट काढू देईना.

तो रोज लवकर घरी यायला लागला. चारच्या आधी पायऱ्यांवर जाऊन बसायचा. एकटाच बोलायचा. कामावरून दोनदा ताकीद आली. जेवण सुटलं. मी बोलून पाहिलं, भांडून पाहिलं. एकदा शिडी लावून स्वतः कॅमेरा काढायला चढले. त्याने शिडी धरली... आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"गॅरेट, मी तुझ्या पाया पडते. काढ तो."

"ती अजून थांबलीय, रोझ. मी सांगितलं म्हणून थांबलीय. आणि मी कॅमेरा काढू?"

मी शिडीवरून खाली उतरले.

आणि मग तो मंगळवार उजाडला.

मी गावातल्याच शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दुपारी खालच्या दरीत आग लागली. गाव सोडायचा हुकूम आला. मुलांना बसमध्ये घातलं, आणि मला जायला सांगितलं. मी गॅरेटला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला.

तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला.

मागचं दार... माणूस दिसला.

मागचं दार... माणूस दिसला.

थांबेचना.

मी कॅमेरा उघडला. आभाळ नारिंगी झालेलं. राख पडत होती. गॅरेट खालच्या पायरीवर बसला होता. पायऱ्यांच्या एका बाजूला, सरकून. शेजारी कुणाला तरी जागा द्यावी तसा.

मी फोनमध्ये ओरडले. तिकडे भिंतीतून माझा आवाज आला असणार. त्याने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"तू जा, रोझ. या वेळी मी तिला सोडून जाणार नाही."

मी गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. घरी पोचले तेव्हा समोरचा डोंगर जळताना दिसत होता. मी त्याचा हात ओढला. शर्ट फाटला. तो माझ्या दुप्पट वजनाचा माणूस, हलेना. रस्त्यावरून पोलिसांची गाडी भोंग्यावर सांगत गेली, लगेच निघा, आता कुणी न्यायला येणार नाही.

मला वाटलं, संपलं. आम्ही दोघंही इथेच जाणार.

तेव्हा मी त्याला ओढणं सोडलं. पायऱ्यांकडे तोंड केलं. काय करतेय ते मला कळत होतं, आणि तरी मी केलं.

"आई," मी म्हणाले. "गॅरेट आलाय. गाडी इथेच उभी आहे. चला."

वारा पडला.

फोन माझ्या खिशात बंद होता. जे ऐकलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. स्प्रिंगची करकर... आणि मग धाडकन दार लागल्याचा आवाज.

या वेळी ते बंद झालं.

मी जाऊन गाडीचं मागचं दार उघडलं. दहापर्यंत मोजलं. लावून घेतलं. गॅरेट आपण होऊन उठला, तोंड पुसलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसला.

आम्ही निघालो. दोन्ही बाजूंनी धूर.

पहिल्या वळणापाशी गाडी वाजायला लागली.

टिंग... टिंग... टिंग...

आमची गाडी नवीन आहे. मागे कुणी पट्टा न लावता बसलं की ती वाजते. मागे काहीच नव्हतं. पिशवीसुद्धा नाही.

गॅरेटने आरशात पाहिलं नाही. मीही नाही.

"रोझ," तो हळूच म्हणाला, "तिला पट्टा लाव."

मी गाडी थांबवली. मागे वळले, डोळे मिटूनच. पट्टा ओढला आणि खटक्यात बसवला. रिकाम्या सीटला लागतो त्यापेक्षा तो जास्त ओढावा लागला... मांडीवरून घ्यावा लागतो तेवढा.

आवाज थांबला.

रात्री वाऱ्याने दिशा बदलली. आग ओढ्यापाशी अडली. सहा दिवसांनी आम्ही परतलो, तेव्हा घर जसंच्या तसं उभं होतं. चारही कॅमेरे चालू आहेत. पण मागचा त्यानंतर एकदाही वाजला नाही. गॅरेट कामावर जातो, जेवतो, झोपतो. म्हणतो, सुटली ती.

मी हो म्हणते.

पण त्या रात्री आम्ही मॉटेलवर पोचलो, तेव्हा गाडीतून दोघंच उतरलो. घाईत होतो. मागचा पट्टा कुणी सोडला नाही. तो अजून तसाच लावलेला आहे. मी रोज त्याच गाडीने शाळेत जाते, आरसा छताकडे वळवून.

त्यांना उतरा म्हणायचं त्या दिवशी माझ्या लक्षातच आलं नाही.

आणि आता म्हणायची हिंमत होत नाही.