गुरुवारची बाटली

जुनी विद्यार्थिनी प्राजक्ताचं पत्र चार महिने सयाजी गोडांबे यांच्या टेबलावर पडून होतं. ‘सर, माझी पट्टी बघायला या. काम जमलंय का, तेवढं सांगा.’ निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेल्या जीवरसायनाच्या मास्तरानं नव्या विद्येवर काय बोलावं? उत्तर लिहायला घेतलं की ते फाडून टाकत.

आज तिचा फोन आला. “सर, मला चोर ठरवलंय. संध्याकाळी पोलिसांत तक्रार देणार आहेत.”

निगडीहून बस पकडून ते भोसरीच्या कारखान्यात पोचले. मालकीण विजयश्री पाटसकर यांनी त्यांना बसाही म्हटलं नाही.

“मधुमेहींच्या जखमांवरची पट्टी बनवतो आम्ही. कोलॅजन या प्रथिनाच्या जाळीत ग्रोथ फॅक्टर हे औषध अडकवायचं. ते हळूहळू सुटतं, पेशी वाढतात, जखम भरते. या खेपेला चाचणीतल्या एकाही सशाची जखम भरली नाही. या बाईंनी औषध घातलंच नाही, बाहेर विकलं.”

“घातलंय, मॅडम,” प्राजक्ता म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

“काका, घरी बसून पेपर वाचा ना,” प्लँट हेड ज्ञानेश म्हणाला. “प्रोजेक्ट माझ्याकडे होता तोवर असलं काही झालं नाही.”

सरांना निघून जावंसं वाटलं. पण त्यांनी कोमट पाण्याचे दोन वाडगे मागितले. एकात प्राजक्तानंच केलेली जुन्या खेपेची पट्टी टाकली, दुसऱ्यात नव्या खेपेची. जुनी ओल्या कापसासारखी टिकली. नवी बघता बघता विरघळली.

“या विरघळलेल्या पट्टीच्या पाण्यात औषध आहे का, तपासा. दुसऱ्या कुणाकडून तरी.”

तपासणी होईपर्यंत त्यांनी ज्योतीरामला बोलावलं. पट्टीसाठी कोलॅजनचा द्रव बाटलीतून साच्यात ओतण्याचं काम त्याचं.

“या खेपेच्या द्रवाची बाटली कोल्डरूममध्ये कुणी ठेवली?”

“म्याच, बुधवारी संध्याकाळी. प्राजक्ता मॅडमनी औषध घालून माझ्या हातात दिली आन् त्या सुट्टीवर गेल्या.”

“तेव्हा कसं होतं?”

“काकवीसारखं, सर. नेहमीसारखं.”

“आणि शुक्रवारी?”

“खरवस झाला होता बगा! बाटली उलटी केली तरी पडंना. ज्ञानेश सर म्हणले, गरम पाण्यात धर. धरलं, मग वतलं.”

“सापडला!” ज्ञानेश ओरडला. “या येड्यानं गरम करून माल नासवला.”

ज्योतीरामचा चेहरा पडला. तेवढ्यात तपासणीचा निकाल आला. पाण्यात औषध पुरेपूर होतं.

“म्हणजे चोरी नाही,” सर अडखळत म्हणाले. “औषध होतं, त्याला धरून ठेवणारी जाळी नव्हती. जखमेवर लावताच सगळं वाहून गेलं.”

“ज्योतीराममुळे?” विजयश्रीबाईंनी विचारलं.

“नाही. चूक असेल तर सांगा... तुमचं कोलॅजन थंडीत वाहतं राहतं. तापलं की त्याचे धागे उलगडतात, त्याचं जिलेटिन होतं. थंडीत गोठतं ते जिलेटिन. शुक्रवारी ज्योतीरामनं बाटली हातात घेतली तेव्हाच ती गोठलेली होती. म्हणजे ती आधीच कुणीतरी तापवून परत ठेवली. बुधवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ. मधे काय होतं?”

“गुरुवार,” विजयश्रीबाई हळूच म्हणाल्या. एमआयडीसीची, सगळ्या औद्योगिक वसाहतीची, आठवड्याची सुट्टी. वीज बंद, कारखाना बंद.

“कोल्डरूम मग कशावर चालते?”

“जनरेटरवर. तो सुरू करायला ज्ञानेश येतो. एकटाच. किल्ली त्याच्याकडेच असते.”

“म्हणून काय झालं?” ज्ञानेश उसळला. “कोल्डरूम बंद पडून गरम झाली असेल!”

“या दिवसांत खोली इतकी तापत नाही. जाळी मोडायला अंगातल्या तापापेक्षा जास्त ऊब लागते. ती मुद्दाम द्यावी लागते.” सरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. “पुन्हा थंडीत ठेवल्यावर ते गोठेल, हे तुमच्या लक्षात आलं नाही. शुक्रवारी आलं, तेव्हा बाटली गरम करायला लावून ज्योतीरामला पुढे केलंत.”

“माझं काम होतं ते! कालच्या पोरीला दिलं!” ज्ञानेशनं टेबलावर मूठ आपटली.

मग आपण कबुली दिली, हे त्याचं त्यालाच कळलं. विजयश्रीबाईंनी फोन उचलला. तक्रार द्यायचीच होती, फक्त नाव बदललं.

फाटकापाशी प्राजक्ता काहीतरी विचारणार, तोच बस आली. सर लाजून घाईघाईनं चढले.

घरी त्यांनी प्राजक्ताला पोस्टकार्ड लिहिलं, या वेळी फाडलं नाही. निगडीच्या टपालपेटीत टाकताना एकदा उलटून वाचलं.

‘पट्टी पाहिली. धरून ठेवते.’