सातवं कलम

शेवंतीची आणि निनादची ओळख भांडणातूनच झाली. ठाणे स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत ती जहाजावर नोकरीला असलेल्या भावाला ईमेल लिहीत होती, आणि शेजारचा पोरगा खुशाल तिच्या स्क्रीनकडे बघत होता.

“दुसऱ्यांची पत्रं वाचायची सवय आहे का?” तिनं विचारलं.

“नाही... पण आईच्या मसाल्याचं लिहिलंयस ना, तिथेच अडकलो.”

ते नव्व्याण्णव साल होतं. निनाद कर्णिक वेबसाइट बनवायला शिकलेला. कोपरीच्या कोळीवाड्यातल्या केशरबाईंचा, म्हणजे शेवंतीच्या आईचा मसाला त्यानं इंटरनेटवर टाकला, आणि सहा महिन्यांत थेट मस्कतहून मागण्या यायला लागल्या. मिरच्या निवडून भाजायचं काम शेवंतीचं, पार्सलवर पत्ते लिहायचं त्याचं. सुतळी बांधताना तो गाठीवर बोट धरायचा आणि शेवंती ती उगाचच सावकाश आवळायची...

धंदा वाढला, तसा रीतसर करार करायचं ठरलं. मसुदा निनादच्या बाळकाकांनी केला. ते कोर्टाजवळ वकिली करायचे. त्यांच्या ऑफिसात वाचता वाचता शेवंती सातव्या कलमापाशी थांबली. तिचा विवाह झाल्यास तिची भागीदारी आपोआप संपेल, असं तिथे लिहिलेलं. निनादच्या लग्नाचा कुठे शब्दही नव्हता.

तिनं कारण विचारलं. मुली सासरी जातात, पुढे कटकटी नकोत, म्हणून असं लिहितात, असं बाळकाका शांतपणे म्हणाले.

“माझं लग्न झालं की मसाल्याची चव जाते का?” तिनं मसुदा टेबलावर ठेवला. मग ती निनादकडे वळली. “तू वाचलं होतंस हे?”

“वाचलं होतं. काकांपुढे बोलायचं धाडस नाही झालं.”

ती उठून चालू लागली. तो मागोमाग जिन्यापर्यंत आला. “शेवंती, अगं ऐक, लग्न दुसरीकडे कशाला... आपणच—”

“मला भागीदारीतून काढून घरात घेणार? कमाल आहे तुझी.”

आठवडाभर तिनं त्याच्या एकाही ईमेलला उत्तर दिलं नाही. संतापानं मिरच्या दोनदा करपल्या. आठव्या दिवशी निनाद स्वतःच कोपरीला आला. काकांशी वाद घालून त्यानं करार नव्यानं टाइप करून घेतला होता. लग्नाचं कलम गेलं होतं, आणि भागीदारांत पहिलं नाव तिचं होतं. शेवंतीनं दारातच उभ्या उभ्या प्रत्येक ओळ वाचली आणि सही केली.

“आता दुसरं विचारतो,” तो चाचरत म्हणाला. “नाही म्हणालीस तरी भागीदारी अशीच राहील. माझ्याशी लग्न करशील?”

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. कान लाल झालेले, पण नजर खाली गेली नव्हती.

“करीन,” ती म्हणाली. “पण राग अजून गेलेला नाही.”

“चालेल.”

“चालेल काय? आत ये. आईला तू सांगायचंस. आणि तिच्यापुढे गप्प बसलास ना, तर बघ.”