गालातलं गोंदण

तान्हाबाईंनी आ केला, की डॉ. मृदुला टिपणीस विजेरी आधी उजव्या गालाच्या आत वळवायच्या. जखम बघायच्या ती नंतर. गालाच्या आतल्या बाजूला हिरवट अक्षरं होती. ती मोठ्यानं वाचायची, हा दोघींमधला रिवाजच पडला होता.

"सोनकी."

मग तान्हाबाई तोंड मिटायच्या आणि बाकीची तपासणी सुरू व्हायची.

मिश्रीनं तान्हाबाईंचा गाल खाल्ला होता. कर्करोग काढल्यावर पडलेलं भगदाड बुजवायला मनगटाजवळची कातडी हवी होती, तीही रक्तवाहिनीसकट. उजव्या हाताची वाहिनी जुन्या अपघातात निकामी झालेली. उरला डावा हात, आणि त्यावर लेकीचं नाव गोंदलेलं. सहा वर्षांची सोनकी तापानं गेली, तेव्हा घरात ना फोन होता ना फोटो. जत्रेत तिला मांडीवर घेऊन गोंदवलेली तीन अक्षरं, एवढीच काय ती पोर मागे उरली होती.

"कातडी घ्या, पन नाव पुसू नका," तान्हाबाई म्हणाल्या होत्या.

अडचण तिथंच होती. हातावरची कातडी तोंडात लावली, तरी आपली खोड सोडत नाही. तिला केस येतात, घाम येतो. म्हणून आता सगळीकडे 'विस्मारक' टोचत. या औषधानं कातडी आपलं कातडीपण विसरते आणि हळूहळू तोंडातल्या मऊ, ओलसर, ताणेल तशी ताणणाऱ्या अस्तरासारखी होते. फक्त विसरताना ती निवडानिवड करत नाही. गोंदणाची शाई धरून बसलेल्या पेशी जातात, त्यांच्याबरोबर शाईही जाते.

मृदुलाबाईंनी औषध टोचलं नाही. तान्हाबाईंच्या गालात केस उगवत राहिले आणि त्या चिमट्यानं उपटत राहिल्या. पण कातडी आवळत गेली. तोंडात बोट शिरेना. तान्हाबाई पेजेवर आल्या, हाडांचा सापळा झाल्या.

"डाक्टरीणबाई, टोचा आता," एक दिवस त्या म्हणाल्या. "भुकेपुढं न्हाई टिकत मानूस."

"मावशी, पण नाव..."

"कडंकडंनं टोचा. मदी तिला ऱ्हाऊ द्या."

मृदुलाबाईंनी तसंच टोचलं. औषध कडेला थांबत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सांगायचा धीर मात्र झाला नाही.

आज तान्हाबाई आल्या त्या भाकरी खाऊन. खुर्चीत बसताच त्यांनी भला मोठा आ केला.

विजेरीच्या उजेडात गाल गुलाबी, ओलसर, निरोगी दिसत होता. मृदुलाबाईंनी इकडून बघितलं, तिकडून बघितलं. हिरवं काहीच नव्हतं. इतकं सुरेख काम त्यांच्या हातून क्वचितच झालं असेल, आणि त्यांना रडू आवरत नव्हतं.

तान्हाबाई आ करून थांबल्या होत्या.

"सोनकी," मृदुलाबाई म्हणाल्या.

तान्हाबाईंनी तोंड मिटलं. डॉक्टरांच्या डोळ्यांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"दुसरं कुनी न्हाई घेत वो तिचं नाव," त्या म्हणाल्या. "पुढल्या म्हैन्याला येते."

पदर सावरून त्या निघून गेल्या. पेटती विजेरी हातात धरून मृदुलाबाई दाराकडे पाहत राहिल्या. कधीतरी या खुर्चीपाशी दुसरा कुणी डॉक्टर उभा असेल. तान्हाबाई अशाच आ करून थांबतील. तो काय वाचील?