झरीला गेलेला राजा

तुम्ही हसाल, म्हणून आधीच सांगते. मी डहाणू रोडला वाढलेली, इतिहास शिकवणारी बाई. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता, असं म्हणा हवं तर.

२०१४ चा डिसेंबर. शाळेच्या गॅदरिंगसाठी मुखवटे आणायला मी कैनाडला तुक्याकडे गेले होते. दरवर्षी तीच ती नाटकं, म्हणून यंदा मी हट्टानं इंग्लंडच्या बाळराजाचं नाटक लिहिलं होतं. आई जन्म देऊन गेलेली, बाप मेला, आणि नवव्या वर्षी गादीवर बसवलेलं ते पोर. भोवती दोन सख्खे मामा. ज्याच्या हातात राजा त्याच्या हातात राज्य, म्हणून दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. मला त्या पोराची फार माया यायची.

तुक्या बोहाड्यात नाचवायचे देवांचे मुखवटे करणारा. त्यानं सवयीनं राजाचा मुखवटा पाटावर ठेवला, कुंकू लावलं, नारळ फोडला.

"नाव सांगा, बाई."

"एडवर्ड."

"आईचं?"

"जेन. पण अरे, हे नाटक आहे, देव नाही!"

"सोंग हाय ना? मग नाव घ्यायलाच लागतं. नाव घेतलं का तो येतो."

मी हसले. तेव्हा हसायला नको होतं.

राजा होणार होती पाचवीतली शितल. तिचं घर म्हणजे त्या दरबाराचीच नक्कल. बाप वारल्यावर हाल्या आणि चैत्या या दोन काकांनी तिच्या आईला, सोमीला, झरीला माहेरी हाकललं. पोर मात्र ठेवून घेतली. पोर ज्याच्या घरी, तिच्या बापाची भातखाचरं त्याच्याकडे. सोमीला लेकीचं तोंडही बघू देत नसत. शितल राजा होणार म्हटल्यावर दोघेही नाटकातले मामा व्हायला हजर. म्हटलं, व्हा बाबांनो, तुमची तालीम कधीच झालीय.

पहिल्या तालमीला दुपारी चारला मी वर्गात गेले, तर राजा आधीच खुर्चीत बसलेला. तोंडावर मुखवटा, अंगावर जुन्या पडद्याचा झगा. वीज गेली होती. खिडक्यांतून ऊन येत होतं, तरी वर्गात बंद देवळासारखा ओल्या दगडाचा वास होता.

"राजा माझा हाय," हाल्यानं नाटकातलं वाक्य म्हटलं आणि राजाचा उजवा हात धरला. चैत्यानं डावा धरला. ओढाओढ सुरू झाली, आणि ती नाटकातली राहिली नाही.

"हळू! पोरगी आहे ती..."

एकदम हाल्यानं हात सोडला. तो आपल्याच तळव्याकडे बघत होता. "बाई... हात लय गार हाय..."

"तुम्ही म्हणाल तसं, मामा," असं राजाचं वाक्य होतं. मुखवट्याआडून आलं ते भलतंच. बारीक, थकलेला आवाज.

"मला कुणाकडं जायचं नाय... माझी आई कुठं हाय?"

दारात सोमी उभी होती. लेकीला चोरून बघायला झरीहून आलेली. तिनं हात पसरले. "ये बाळा. मी हाय ना."

राजा उठला, धावत गेला आणि तिच्या पदरात शिरला. सोमीनं त्याला घट्ट कवटाळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मागच्या दारातून शितल आली. हात हापशीच्या पाण्यानं ओले.

"बाई, उशीर झाला का?"

सोमीच्या मिठीत नुसता झगा होता, आणि मुखवटा.

दोन्ही काका चपला टाकून पळाले. त्यानंतर शितलवर कुणी हक्क सांगितला नाही. सोमी तिला झरीला घेऊन गेली. मुखवटाही गेला. तुक्या म्हणाला, "ज्यानं ये म्हटलं, त्याच्याच घरी त्याला ठेवायचं."

नाटक राहिलं ते राहिलंच.

२०१९ च्या डिसेंबरात मी झरीला त्यांच्याकडे गेले. शितल दहावीत होती, चांगली उंच झालेली. दाराच्या चौकटीवर सोमीनं तिची उंची कोळशानं दरवर्षी आखली होती. पलीकडच्या चौकटीवरही खुणा होत्या, तशाच दरवर्षी वर सरकलेल्या. त्या कुणाच्या, ते मी विचारलं नाही.

सोमीनं चहा दिला. मग जवळ सरकून हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही पुस्तकं वाचता. त्याचं पुढं काय होतं?"

मी मनात वर्षं मोजली. तेव्हा नऊ, आता चौदा. तो राजा पंधराव्या वर्षी खोकून खोकून मेला, हे मी कितीदा फळ्यावर लिहिलंय. पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"मोठा होतो," मी म्हटलं. "खूप मोठा होतो."

सोमीचा जीव भांड्यात पडला. "तरी मी शितलला सांगते, नुसती सर्दी हाय त्याला म्हणून."

शितल माझ्या शेजारीच बसली होती. आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं.