डाव्या भिंतीतला जिना

खुर्ची डोक्यावर घेऊन सुखदा आत शिरली आणि समोरून येणाऱ्या माणसावर थेट आदळली.

"अहो, खुर्ची बसायला असते," तो कपाळ चोळत म्हणाला.

"ही फाटलीय. एकही रिक्षावाला घेईना… शिवाजीनगर स्टँडपासून चालत आणलीय."

तो हसला. अजिंक्य, मूळचा खानापूरचा, वेताच्या खुर्च्या विणणारा. त्याचा कारखाना म्हणजे जुनं चर्च होतं. मूळ जागेवरून रस्ता गेला, तेव्हा त्याच्या काकांनी ते विकत घेऊन, दगडावर दगड तसाच रचून, या गल्लीत उभं केलं. वेदीच्या जागी आता पिंप होतं. त्यात वेत भिजत पडे.

सुखदाची नजर भिंतीवर गेली… आणि तिथंच थांबली. प्रत्येक दगडावर रंगानं बारीक आकडा. हे अक्षर तिच्या बाबांचं! विद्याधर इंजिनिअरांनी जुन्या जागी हे दगड एकेक मोजले होते. काम संपायच्या आत ते गेले. तेव्हा पुण्यात असलेली सुखदा या शहरात वेळेवर पोचली नव्हती.

तेवढ्यात डाव्या भिंतीत पावलं वाजली. कुणीतरी लाकडी जिना उतरत होतं, एक पाय ओढत. पायऱ्यांच्या तळाशी पावलं घुटमळली… आणि परत वर गेली.

"जिना कुठाय?" तिनं विचारलं.

"उजवीकडे. गल्ली अरुंद, म्हणून इथं बाजू बदलावी लागली. डावीकडे नुसती भिंत. रोज सहाला हे असंच… अहो, रडताय?"

"बाबा डावा पाय ओढायचे."

खुर्ची चार दिवसांत विणून झाली. तरी महादेवपुऱ्यातलं ऑफिस लवकर आटपून सुखदा रोज येऊ लागली. भिंतीला कान लावून उभी राही. मग दोघांचा चहा.

"केसांना चुना लागलाय," तो म्हणे आणि झटकायला उचललेला हात — अर्ध्यावरच खाली घेई.

एके दिवशी तो म्हणाला, "रागावणार नसाल तर एक सांगू? आमच्या घरी बिऱ्हाड हललं की गेलेल्यांना मोठ्यानं सांगतात… दार इकडं, जिना तिकडं. नाहीतर ती जुन्याच वाटेनं फिरत राहतात. इथं कुणी सांगितलंच नाही."

"मग तुम्ही का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो. त्याच आठवड्यात तुम्ही आलात."

"सांगितलं तर… थांबेल हे?"

"थांबेल. मग तुमचं येणंही थांबेल." तो खाली बघत म्हणाला. "म्हणून गप्प बसलो. स्वार्थ, दुसरं काय!"

सहा वाजले. पावलं खाली आली, घुटमळली. सुखदानं भिंतीवर तळवा टेकला. पलीकडूनही कुणी टेकला असावा, तसा दगड तेवढाच ऊबदार झाला. हात काढून घ्यावासा वाटेना. आज गप्प राहिलं, तर उद्याही ते येणार होते… परवाही.

"बाबा," ती अखेर म्हणाली, "जिना उजवीकडे घेतलाय. दार गल्लीकडे आहे. मला यायला उशीर झाला… तुम्ही आता निघा."

मग उजवीकडचा रिकामा जिना करकरला. एक पायरी… दुसरी. बाबांच्या चंदनी साबणाचा वास तिच्या अगदी जवळून गेला. दार उघडलं, आणि उघडंच राहिलं.



"उद्या याल?" अजिंक्यनं हळूच विचारलं.

"आता इथं ऐकायला काय उरलंय?"

"मी आहे. तसा मी पुष्कळ बडबडतो."

सुखदानं डोळे पुसले. "उद्या रविवार. सकाळीच येते," ती म्हणाली. "दिवसभर पुरेल ना तुमची बडबड?"